सिगरेट महागली, विडीवरचा कर उतरला. मग थांबणार कोण?

पोसरेकार (डिचोली)
१४ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:४२

डिचोलीत आमचा पोसरो आहे, म्हणजे छोटं किराणा दुकान. आजोबांनी घातला, बाबांनी चालवला, आता धाकटा भाऊ बसतो. मी पणजीला नोकरीला, म्हणून फक्त शनिवार-रविवारचा धनी. उकडे तांदूळ, सोलां, खोबरेल, सकाळी पोदेर ठेवून जातो ते पाव, आणि काउंटरच्या डाव्या अंगाला विडी-सिगरेटचं काचेचं कपाट. कपाटाला दोरीने बांधलेला लायटर. म्हणजे खालचं सगळं तंबाखू विकणाऱ्या घरातला माणूस लिहितोय. प्रतिसादात कुणी हे काढण्याआधी मीच काढलेलं बरं.

१ तारखेला, बजेटच्याच रविवारी, सिगरेटवरचा नवा कर लागू झाला. ४० टक्के जीएसटी, आणि वर हजार कांड्यांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क, लांबीप्रमाणे. 'अठराची सिगरेट बहात्तरला' हा मेसेज महिनाभर फिरत होता, तसलं काही झालं नाही. लांब कांडीमागे आमच्याकडे चार-पाच रुपये चढले. त्याआधी जानेवारीत वितरकाने 'माल नाही' म्हणून झुलवलं ते वेगळंच. माल कुठे होता ते १ तारखेनंतर कळलं.

आता बघितलेलं सांगतो. रोज सुटी सिगरेट घेणारी आमची चौदा-पंधरा ठरलेली गिऱ्हाइकं. दोन आठवड्यांत सोडली एकानेही नाही. तिघांनी संख्या कमी केली, भाऊ म्हणतो ती नक्की कमी आहे. चौघे लांब कांडीवरून आखूड कांडीवर उतरले. आणि दोघांनी विडीचा कट्टा मागितला. हे दोघे जन्मात विडी न ओढलेले. एक तर शाळेत शिक्षक आहे, कट्टा वर्तमानपत्रात गुंडाळून नेतो.

विडीवरचा जीएसटी २८ होता, तो त्याच दिवशी १८ झाला. उत्पादन शुल्काचा तसा भारही विडीवर नाही.

मला तंबाखूवरचा कर वाढायलाच हवा आहे. बाबा घशाच्या कॅन्सरने गेले, आणि ते दुकानातलीच ओढायचे, फुकट. पण वरची पायरी महाग करून खालची स्वस्त केली तर माणूस पायरी उतरतो, जिना सोडत नाही. तुमच्या आजूबाजूला काय दिसतंय? आणि या करातला पैसा गोव्यात दवाखान्यांपर्यंत येतो का, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

मांडवीतीर
१४ फेब्रुवारी, रात्री ११:०५

कोपऱ्यातली जागा धरली आहे. शिक्षक वर्तमानपत्र कुठलं वापरतात ते महत्त्वाचं.

डंपर_सत्तरी
१५ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

धागाकर्ते भाऊ, मी ओढतो. वीस वर्षं ओढतोय. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा, हप्ते थकलेले, घरात पैसा नव्हता. तेव्हाही सुटली नाही. उलट वाढली. तेव्हा कराने सुटेल हे एसीत बसलेल्यांचं गणित आहे.

आणखी एक. गरिबाचीच मजा का महाग करता? कळंगुटला येणारा पर्यटक पाकीट घेताना किंमत विचारत नाही. विचारतो मी.

शुभ्रा (पर्वरी)
१५ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

डंपर भाऊ, मी सरकारी हॉस्पिटलात ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी कान-नाक-घसा आणि शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. तुमचं पहिलं वाक्य मला पटतं. वीस वर्षं ओढणारा चार रुपयांनी सुटत नाही. माझ्यासमोर गळ्याला भोक पाडून नळी बसवलेल्या माणसाने त्या भोकाला विडी लावलेली मी पाहिली आहे. ती जागा इथे लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

पण कर तुमच्या एकट्यासाठी नसतो हो. तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल तर त्याच्यासाठी असतो. त्या वयाच्या खिशात पन्नासची नोट असते, आणि ती वडापाव, रिचार्ज की कांडी यांत वाटायची असते. त्याची सवय अजून धंद्याला लागलेली नाही. किंमत त्याला अडवते. जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा की किंमत १० टक्के चढली की आपल्यासारख्या देशांत वापर साधारण ५ टक्के घटतो, श्रीमंत देशांत ४. घट सगळीकडे सारखी वाटली जात नाही. पोरं आणि हातावर पोट असलेले आधी हलतात.

'गरिबाचीच मजा' याबद्दल. वॉर्डात माझ्याकडे जे यायचे ते कोण होते? मासे उतरवणारे, गवंडी, ड्रायव्हर, काणकोणकडून आलेले शेतकरी. जबडा काढल्यावर दोन-तीन महिने कामावर नाही. सोबत बायको, तिचाही रोज बुडालेला. तो खर्च कुठल्या कराच्या पावतीवर येत नाही. देशभराचा असा खर्च मोजला गेला आहे: २०१७-१८ या एका वर्षात ३५ वर्षांवरच्या माणसांचं तंबाखूमुळे झालेलं आजारपण आणि अकाली मृत्यू यांची किंमत १,७७,३४१ कोटी रुपये. यात उपचारही आले, बुडालेली कमाईही आली.

ताळेबंद (फोंडा)
१५ फेब्रुवारी, दुपारी ३:१८

करसल्लागार आहे, म्हणून पोसरेकारांच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज. 'गोवा सरकारने सिगरेटवर कर वाढवावा' असं पत्र दर वर्षी कुणीतरी वर्तमानपत्राला लिहितं. २०१७ च्या १ जुलैपर्यंत ते शक्य होतं, व्हॅट राज्याच्या हातात होता. १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याला विक्रीवर स्वतःचा कर लावायला दारू आणि पेट्रोल-डिझेलच्या कुळातले मोजके पदार्थच उरले. तंबाखूवर जीएसटी लागतो, तो केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची जीएसटी परिषद ठरवते. उत्पादन शुल्क केंद्राचं. पर्वरीच्या विधानसभेत कितीही मेजं बडवली तरी एका कांडीवर एक पैसा वाढवता येत नाही. हात वर करायचा तो जीएसटी परिषदेत, तेहतीस जणांच्या रांगेत.

आता पैसा. जीएसटीचा अर्धा भाग, म्हणजे ४० मधले २०, ज्या राज्यात माल खपतो त्या राज्याला. त्यामुळे कळंगुटच्या पर्यटकाने ओढलेल्या सिगरेटीचा वाटा गोव्याला मिळतो. उत्पादन शुल्काचं वेगळं आहे. ते केंद्राच्या तिजोरीत जातं, मग ४१ टक्के राज्यांत वाटलं जातं, आणि त्या वाटपात गोव्याचा हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने ०.३८६ टक्के. गुणाकार करा. शुल्काच्या दर १०० रुपयांतून गोव्याला साधारण १६ पैसे.

सोळा पैसे. नाणंसुद्धा नाही त्याचं.

अर्थात जुन्या भरपाई उपकराच्या तुलनेत ही प्रगतीच म्हणायची. तो उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईसाठी होता, शेवटी शेवटी कोविडकाळात त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायला वापरला. म्हणजे साधारण साडेतीन वर्षं आपण सिगरेट ओढून कर्ज फेडलं. आरोग्याचा त्यात संबंध नव्हता.

आणि 'आरोग्य' शब्द नावात आहे तो कायदा सिगरेटचा नाहीच. डिसेंबरात संसदेने पानमसाल्यावरचा उपकर मंजूर केला, त्याच्या नावात आरोग्य सुरक्षा आणि राष्ट्रीय सुरक्षा दोन्ही आहेत. एकाच पुडीतून कॅन्सरचा वॉर्ड आणि तोफ. असो.

फेणीवाला_नव्हे
१५ फेब्रुवारी, सायंकाळी ५:४०

गोव्यात तंबाखूवर चर्चा म्हणजे म्हैस सोडून शेपटीला दावं. राज्यभर चौकाचौकात बार. दारूवरचा कर राज्याच्या हातात आहे ना? मग तो वाढवा, पैसा आरोग्याला द्या. तिथे कुणी बोलत नाही कारण पर्यटन बुडेल.

आणि आकडे बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात प्रौढांपैकी ९.७ टक्के लोक तंबाखू वापरणारे. देशात सगळ्यात कमी. देशाची सरासरी २८.६. जिथे आजार नाही तिथे औषध कशाला?

शुभ्रा (पर्वरी)
१५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

त्याच पाहणीची आधीची फेरी २००९-१० ची. तेव्हा देश ३४.६ वर होता, तो २८.६ वर उतरला. गोवा ८.८ वर होता, तो ९.७ वर गेला. देश उतरला, आपण चढलो. थोडेच चढलो, पण 'आजार नाही' म्हणायचं तर दोन्ही आकडे वाचायला हवेत.

दारूबद्दल सहमत. वेगळा धागा काढा, मी येते.

कुळागर (सावईवेरे)
१५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

गोवा सगळ्यात खाली आहे तो आपोआप आलेला नाही, हे नव्या पिढीला सांगायला हवं. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा गोव्याचा कायदा १९९७ चा. केंद्राचा तंबाखू कायदा आला २००३ ला. आपण सहा वर्षं आधी. त्यामागे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य होते, तंबाखूविरोधात आयुष्य घातलेला माणूस. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. कायदा झाला त्या वर्षी आमच्या स्टाफरूममधली रक्षापात्रं उचलली गेली आणि हेडमास्तर मागच्या फणसाखाली उभे राहू लागले. कायद्यात थुंकणंही घातलं होतं ही मला आजही शहाणपणाची गोष्ट वाटते. ज्याने तो मसुदा केला त्याने आपल्या बसगाड्या आतून पाहिल्या असणार.

२००५ ला गुटखाबंदी, तीही गोव्याने लवकर केली. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत. एक पुडी पानमसाल्याची, एक तंबाखूची, शेजारी-शेजारी टांगलेल्या. मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं. कायदा पुडीत राहिला.

पोसरेकार बाब, तुमच्याकडे त्या दोन पुड्या आहेत का? रागावू नका.

पोसरेकार (डिचोली)
१५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मास्तर, होत्या. बाबा गेल्यावर काढल्या. सिगरेट-विडी काढली नाही, कारण महिन्याच्या नफ्यात तिचा वाटा आहे आणि दुकान भावाचं पोट आहे. माझी नैतिकता शनिवार-रविवारची.

ताळेबंद, सोळा पैशांचा हिशेब भावाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग उरलेल्यात आपल्याला काय?" त्याला वाटलं दुकानाला.

माहेर_वेंगुर्ला
१६ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

लग्न होऊन पेडण्यात आले, माहेर वेंगुर्ल्याकडचं. सगळे सिगरेट-विडी बोलताय, मशेरीचं कुणी नाव काढलं नाही.

आमच्या आजीची सकाळ मशेरीने उजाडायची. तव्यावर तंबाखूची पानं भाजायची, काळी झाली की चुरायची, डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका. आम्हा पोरांना अंगणात पिटाळायची, आणि दिवसात चार वेळा तीच हिरड्यांना लावायची. आजीला कुणी 'तंबाखू खाते' म्हटलं असतं तर भांडली असती. ती दात घासत होती! सासूबाईंचीही सुटलेली नाही. पान बाजारातून येतं, पावशेर. त्यावर कर किती, बिल कुठलं, पाकिटावर चित्र कुठलं?

ताळेबंद दादा, कर हा कारखान्याच्या दाराशी उभा असतो. आमचा कारखाना चुलीवर होता.

ताळेबंद (फोंडा)
१६ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

वहिनी, शेवटचं वाक्य माझ्या कचेरीत फ्रेम करून लावतो.

विडीचंही थोडंफार हेच आहे. सिगरेट मूठभर मोठ्या कंपन्या यंत्रावर बनवतात, मोजायला सोपी. विडी घरोघरी वळली जाते. अनेक वर्षं छोट्या उत्पादकांना शुल्कात सूट होती, मग मोठे उत्पादकही कागदावर छोटे होत गेले. जीएसटीनंतर विडी २८ च्या टप्प्यात आली पण सिगरेटसारखा उपकर तिच्यावर कधीच बसला नाही. अलीकडेपर्यंतचा हिशेब असा की किरकोळ किमतीत कराचा भाग सिगरेटमध्ये निम्म्याहून थोडा जास्त, विडीत साधारण २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटना ७५ म्हणते. आता १८ चा दर आल्यावर विडी ७५ पासून आणखी लांब गेली.

डंपर_सत्तरी
१६ फेब्रुवारी, दुपारी २:४४

विडीवर कर वाढवा म्हणताय, विडी वळणाऱ्या बायकांचं काय? निपाणीला मी माल घेऊन जायचो. गल्लीत दारादारांत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका. हजार विड्या वळायला दिवस जातो. विडी खपली नाही तर त्या कुठे जातील?

कुळागर (सावईवेरे)
१६ फेब्रुवारी, दुपारी ४:००

डंपर भाऊंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. विडीवरचा कर कमी ठेवताना दर वेळी त्याच बायकांचं नाव पुढे केलं जातं. मग इतकी वर्षं कर कमी होता, त्यांची मजुरी चढली का? सुपातली धूळ तर त्यांच्याच छातीत. माझं मत असं की विडीवरच्या कराचा पहिला घास त्यांना दुसरं काम देण्यावर जावा. खाणी बंद पडल्या तेव्हा आपल्याकडे ट्रकवाल्यांना मदत मिळाली ना? सगळ्यांना नसेल, वेळेवर नसेल, पण कल्पना अशक्य नाही.

डंपर_सत्तरी
१६ फेब्रुवारी, दुपारी ४:२१

मिळाली. उशिरा.

मांडवीतीर
१६ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१०

थट्टा बाजूला ठेवून एक विचारतो. करातला पैसा थेट आरोग्याला बांधून देणारा देश आहे का कुठे? की हे नुसतं भाषणात बरं वाटणारं आहे?

शुभ्रा (पर्वरी)
१६ फेब्रुवारी, रात्री ८:३५

आहेत. थायलंडने २००१ पासून तंबाखू आणि दारूवर २ टक्के अधिभार लावून तो आरोग्यसंवर्धनाच्या एका स्वतंत्र निधीला दिला. तो पैसा दर वर्षी अर्थसंकल्पात मागावा लागत नाही. फिलिपिन्सने २०१२ ला दारू-तंबाखूवरचा कर एकदम वाढवला आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्यविम्याला कायद्याने बांधला. तिथेही तंबाखू पिकवणारे शेतकरी होते, त्यांच्यासाठीही वाटा ठेवला.

आपल्याकडे तसं पात्र तयार आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाखांपर्यंतचा उपचारखर्च, त्याहून मोठ्या घराला चार लाखांपर्यंतचा. तोंडाच्या कॅन्सरचं घर अडीच लाखांत किती दिवस निघतं हे मी सांगत नाही. ताळेबंद भाऊ म्हणाले त्या २० टक्क्यांतला गोव्याचा वाटा मोजून, नाव देऊन, त्या योजनेत आणि तंबाखू सोडवणाऱ्या केंद्रांत घालायला जीएसटी परिषदेची परवानगी लागते का?

ताळेबंद (फोंडा)
१६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

लागत नाही. राज्याच्या तिजोरीत आलेला पैसा कशावर घालायचा हे विधानसभाच ठरवते. दर आपल्या हातात नाही, खर्च आहे. प्रदूषण करणाऱ्या मालावरचा हरित उपकर राज्याने २०१३ च्या कायद्याने आणलाच होता ना. इथे तर नवा कर लावायचाही नाही.

फेणीवाला_नव्हे
१६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

आणि हरित उपकरातून किती झाडं लागली तेही विचारा.

ताळेबंद (फोंडा)
१६ फेब्रुवारी, रात्री ९:२४

म्हणूनच 'मोजून, नाव देऊन' हे शुभ्राताईंचे शब्द मी दोनदा वाचले.

डंपर_सत्तरी
१७ फेब्रुवारी, रात्री १०:५०

दोन दिवस विचार केला. ताई, तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचं म्हणालात. माझा सोळाचा आहे. त्याच्या दप्तरात काडेपेटी सापडली. बायको म्हणते देवपूजेला नेली असेल. दप्तरात कुठला देव?

त्याला ओरडायला तोंड नाही मला. सोडवणारी केंद्रं म्हणालात ती कुठे? फोनवर काही असतं का?

शुभ्रा (पर्वरी)
१७ फेब्रुवारी, रात्री ११:१२

आहे. १८००-११-२३५६, फुकट. आधी जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊनही विचारा, तिथे समुपदेशन होतं. पोराला नका नेऊ, तुम्हीच जा. त्याला दिसू दे तुम्ही जाताना.

आणि हा नंबर नवा नाही, २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. वीस वर्षं ओढताय, पाहिला नाहीत?

डंपर_सत्तरी
१७ फेब्रुवारी, रात्री ११:१५

मी सुटी घेतो ताई. पाकीट दुकानदाराकडे.

पोसरेकार (डिचोली)
१८ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

डंपर भाऊंचा प्रतिसाद वाचून रात्री झोप नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्याचा, दहा वर्षं होत आली त्याला. आमच्याकडे निम्म्याहून जास्त माल सुटा जातो. म्हणजे ते चित्र बघतो कोण, तर माझा भाऊ. महाराष्ट्राने सुटी विक्री २०२० मध्ये बंद केली. पत्रादेवीच्या सीमेपलीकडे ती किती बंद आहे ते जाणारे-येणारे जाणतात. पण सुटी आहे तोवर चार रुपयांच्या करवाढीचाही धक्का अर्धा मरतो. पाकीट घ्यायचं तर माणूस दीड-दोनशे मोजतो, थबकतो. सुटीला खिशातली चिल्लर पुरते.

भावाशी बोललो. सुटी बंद करायला तो तयार नाही. म्हणाला, गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल, आणि जाईल हे खरंच आहे.

माहेर_वेंगुर्ला
१८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

मग निदान विडीचा कट्टा तरी वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ नका. शिक्षकांना हातात दिसू दे.

पोसरेकार (डिचोली)
२२ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आज रविवार, पोसऱ्यात होतो. रिकामं पाकीट कापून त्याची चित्राची आणि नंबरची बाजू लायटरच्या दोरीपाशी चिकटवली. पेटवायला वाकलं की नाकासमोर येते. भाऊ म्हणाला, धंदा बुडवणार तू. संध्याकाळपर्यंत एकानेही काही म्हटलं नाही. एकाने फोन काढून फोटो घेतला, कशाला ते विचारलं नाही.

शिक्षक आले होते. कट्टा वर्तमानपत्राशिवाय दिला. त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढला.

दुपारी जेवायला आत गेलो तेवढ्यात लायटर कुणीतरी कापून नेला. पाकीट जागेवर आहे.